कान जाणता, हात अजाण

सीमाभागातील मराठी घरांना पेटी नवी नाही. बेळगाव तर पेटीवादकांचेच गाव. पंडित रामभाऊ बिजापुरे (१९१७–२०१०) यांनी येथे राहून कित्येकांच्या बोटांना वळण लावले. भजनात आणि नाट्यगीतांच्या बैठकीत पेटी ऐकत वाढलेल्या माणसाला पियानोच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या ओळखीच्या वाटतात. हिंदी चित्रपटगीतांमुळे त्याचा नादही आपल्या कानाला परका राहिलेला नाही. परका आहे तो हाताला. आणि पन्नाशी ओलांडल्यावर पियानो शिकू पाहणाऱ्याची सारी परीक्षा या एका गोष्टीत साठलेली आहे.

पेटी आणि पियानो यांचे साम्य पट्ट्यांपाशीच संपते. पेटीचा स्वर वाऱ्यावर जगतो. भाता चालू आहे आणि पट्टी दाबलेली आहे तोवर तो टिकतो. पियानोत पट्टी दाबताच नमद्याने मढवलेली हातोडी तारेवर आघात करून तत्क्षणी मागे येते, आणि स्वर जन्मल्या क्षणापासून विरू लागतो. सुमारे १७०० साली फ्लॉरेन्स येथे बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यांनी हे वाद्य घडवले. हळू आणि मोठा असे दोन्ही नाद त्यातून निघत, म्हणून ‘पियानो’ आणि ‘फोर्ते’ या दोन इटालियन शब्दांवरून त्याचे नाव पडले. येथे नादाचे लहानमोठेपण भात्यावर नव्हे, तर बोट किती वेगाने पट्टीवर उतरते यावर ठरते. पेटी वाजवलेल्या हाताला हे नव्याने शिकावे लागते.

दुसरी अडचण डाव्या हाताची. पेटीवर तो भाता सांभाळतो. पियानोवर त्याला स्वतःचे बोलणे असते. पट्ट्या ८८, पांढऱ्या ५२ आणि काळ्या ३६. त्यांवर दोन्ही हातांनी एकाच वेळी निरनिराळे वाजवायचे. ‘पांढरी एक’ सा धरून बिलावलचे शुद्ध सप्तक चढताना उजव्या हाताचा अंगठा तीन स्वरांनंतर बोटांखालून सरकून मध्यमावर येतो; डाव्या हाताचे मधले बोट मात्र पाच स्वरांनंतर अंगठ्यावरून ओलांडून धैवतावर पडते. हे बुद्धीला पाच मिनिटांत कळते, हातांना कळायला महिने लागतात. तबला आणि डग्गा यांवर दोन हात दोन निराळी कामे करतात हे आपण नित्य पाहतो. त्यामागे किती वर्षांचा रियाज असतो, हे येथे उमगते.

तिसरी गोष्ट वाचनाची. आपल्या पद्धतीत षड्ज गायकाच्या गळ्याप्रमाणे हलतो. कोणाची काळी दोन, कोणाची काळी पाच. पाच रेघांच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत प्रत्येक खूण एका ठरावीक पट्टीची असते. उजव्या हाताच्या पाच रेघा वर, डाव्याच्या पाच खाली, आणि दोन्ही एकदम वाचायच्या. साक्षर माणसाने पुन्हा बाराखडीपासून आरंभ करावा तसाच हा प्रकार.

मी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी हा आरंभ केला. माझे शिक्षक माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहेत. त्या अनुभवावरून सांगतो, प्रौढाला बोटांचा ताठरपणा तितका नडत नाही, जितका त्याचा जाणता कान नडतो. सात वर्षांच्या मुलाला आपले वाजवणे ओबडधोबड आहे हे ठाऊकच नसते; ते आनंदाने वाजवते. प्रौढाने आयुष्यभर उत्तम गाणे ऐकलेले असते, आणि आपल्याच हातून निघणारा नाद त्याला सहन होत नाही. ज्याने तीस वर्षे इतरांच्या वह्या तपासल्या, त्याची स्वतःची वही आता घरातील सर्वांना ऐकू जाते. या संकोचापायी पुष्कळजण सहा महिन्यांत झाकण मिटतात.

यावर उपाय आहेत. रविवारी दोन तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटे बसावे. एका वेळी दोन-चार मात्रांचाच तुकडा घ्यावा. प्रथम एकेक हात, मग दोन्ही; तेही चूक होणार नाही इतक्या संथपणे. कोपर पट्ट्यांच्या पातळीत राहील असे आसन असावे आणि मनगट दुखू लागताच थांबावे. खऱ्या पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात आणि पावसाळी दमट हवेत तो बेसूर होतो. तेव्हा वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानोही चालेल. त्याला कानाला लावायचे यंत्र जोडता येते, हा संकोची मनाला मोठाच आधार!

पन्नाशीत आरंभ करणारा मैफली वादक होणार नाही, हे स्पष्ट म्हटलेले बरे. पण जी मेन्युएटसारखी लहान रचना त्याच्या आवाक्यात येते. बाख यांनी पत्नीसाठी ठेवलेल्या १७२५ च्या वहीतील ही रचना दीर्घकाळ त्यांचीच मानली जाई. ती क्रिस्तियान पेट्झोल्ड यांची असल्याचे पुढे सिद्ध झाले. तीत डावा हात नुसती साथ करीत नाही, उजव्याला उत्तर देतो. तो संवाद स्वतःच्या हातून एकदा घडला, की जुनी चित्रपटगीतेही निराळी ऐकू येतात. वरच्या चालीखाली वाहणारा खर्जाचा प्रवाह, जो इतकी वर्षे कानावरून नुसता जात होता, तो आता स्पष्ट उमटतो. कान जाणता आहे असे आपण समजत होतो. हात शिकू लागल्यावर कळते की कानाचेही शिक्षण बाकीच होते.