दुर्बीण एक, किमती अनेक

गेल्या हिवाळ्यात आपल्या शाळेने लोणार सरोवरावरील पक्षिनिरीक्षणासाठी सहा दुर्बिणी विकत घेतल्या. तोवर सहलीला एकच जुनी दुर्बीण असे. चाळीस मुलांच्या रांगेतून ती शेवटच्या मुलाच्या हाती पोहोचेपर्यंत काठावरचा शेकाट्या केव्हाच उडून गेलेला असे. नव्या दुर्बिणी लोकवर्गणीतून घेतल्या, पावत्या पालकसभेत मांडल्या, आणि तेथेच एका पालकांनी उभे राहून आपला मोबाईल पुढे केला. कंपनी तीच, मॉडेल तेच, आकडाही तोच : ८ × ४२. अमेरिकेतील दुकानाची किंमत रुपयांत केली, तर ती आपल्या पावतीच्या जेमतेम पाऊणपट भरत होती. "सर, मधले पैसे गेले कुठं?" असा त्यांचा सरळ प्रश्न होता.

खरेदी समितीत आम्हीही होतो. काहींना तो प्रश्न लागला. आम्हाला मात्र तो रास्तच वाटला. ज्याने कापसाच्या पैशातून वर्गणी दिली, त्याने हिशोब मागू नये तर कोणी मागावा? त्या दिवशी आमच्यापाशी पुरते उत्तर नव्हते. ते येथे मांडत आहोत.

प्रथम कराची गोष्ट. परदेशी माल बंदरात उतरला की मालाची किंमत, जहाजभाडे आणि विमा यांची बेरीज होते व त्या बेरजेवर सीमाशुल्क आकारले जाते. त्या शुल्कावर पुन्हा समाजकल्याण अधिभार, आणि या सर्वांच्या बेरजेवर जीएसटी. म्हणजे करावर कर चढतो. केवळ समजण्यापुरते आकडे घेऊ. बंदरात दुर्बीण १०,००० रुपयांना पडली आणि शुल्क १० टक्के धरले, तर शुल्क १,००० रुपये व त्यावर १० टक्के अधिभार १०० रुपये, झाले ११,१००. आयातदार आणि दुकानदार यांचा खर्च व नफा मिळून ४,००० धरला, तर १५,१००. यावर १८ टक्के जीएसटी २,७१८ रुपये; ग्राहकाच्या हाती पावती १७,८१८ रुपयांची. तीच दुर्बीण शुल्काविना व कराविना विकली असती, तर १४,००० रुपयांत मिळाली असती. बंदरात भरलेला जीएसटी व्यापाऱ्याला पुढे वजा करून मिळतो. आपल्यासारख्या शाळेला ती वजावट नाही. दुर्बिणींवरील जीएसटी प्रारंभी २८ टक्के होता, तो नोव्हेंबर २०१७ मध्ये १८ टक्क्यांवर आला. त्यापूर्वी घेतल्या असत्या, तर प्रश्न याहून तीव्र झाला असता!

मोबाईलवरच्या आकड्यातही एक खोच आहे. अमेरिकेत दुकाने किंमत सांगतात ती विक्रीकर सोडून. तो कर राज्यागणिक वेगळा असतो आणि बिल करताना जोडला जातो. ओरेगॉनसारख्या राज्यात तो मुळीच नाही. आपल्याकडील छापील किमतीत सर्व कर धरलेले असतात. युरोपातही कर किमतीतच असतो. जर्मनीत तो १९ टक्के आहे, हंगेरीत २७ टक्के. तेव्हा कर धरलेल्या आकड्याशी कर न धरलेला आकडा ताडणे म्हणजे सालीसकट शेंगा आणि सोललेले दाणे एकाच तराजूत तोलणे होय.

परंतु सर्व भार करावर टाकणेही प्रामाणिकपणाचे नाही. उरलेला फरक बाजाराचा आहे. जेथे पक्षिनिरीक्षक आणि शिकारी लाखोंनी आहेत, तेथे दुकानदार थोड्या नफ्यावर पुष्कळ माल विकतो. आपल्याकडे तोच माल महिनोन्महिने कपाटात पडतो आणि अडकलेल्या पैशाचे व्याज ग्राहक भरतो. शिवाय कंपन्या देशोदेशी अधिकृत वितरक नेमतात, आणि ज्या बाजारात जो भाव सोसतो तो लावतात. हमीपत्रही बहुधा त्या त्या देशापुरते चालते. आमच्या मते खरा अन्याय येथे आहे. कर निदान लोकसभेत मंजूर होतो. हा भाव कोठे ठरतो ते ग्राहकाला कळत नाही.

आम्ही इतिहासाचे शिक्षक असल्याने येथे खामगावची आठवण टाळता येत नाही. वऱ्हाडचा कापूस खामगावच्या बाजारातून मुंबईला आणि तेथून विलायतेला जाई, व कापड होऊन परत येई. १८९६ मध्ये सरकारने विलायती कापडावरील आयातशुल्क साडेतीन टक्क्यांवर आणले आणि देशी गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच अबकारी कर बसवला. लँकेशायरच्या गिरणीमालकांचे समाधान व्हावे, एवढाच त्याचा हेतू होता. शुल्काचा दर ठरवताना कोणाचे तरी हित सांभाळले जाते, ते असे.

तिसरे कारण रुपयाचे. १९६६ च्या अवमूल्यनात डॉलरचा भाव ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपये झाला; न्यूयॉर्कमधील वस्तूची किंमत तसूभर न बदलता ती आपल्यासाठी एका रात्रीत दीडपटीहून महाग झाली. बाबासाहेबांनी १९२३ च्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात विनिमयदरापेक्षा रुपयाच्या क्रयशक्तीचे स्थैर्य महत्त्वाचे मानले. रुपया स्वस्त ठेवल्याने होणारा लाभ बाहेरून राष्ट्राला मिळत नसतो, तो एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे जातो, असे त्यांनी दाखवून दिले. भाव आधी वाढतात आणि मजुरी मागाहून वाढते. मधल्या काळाची किंमत मजूर चुकवतो. आमच्या सभेतील प्रश्न याच हिशोबाच्या एका कोपऱ्यातला होता.

जुन्या विद्यार्थ्यांना आठवत असेल, पूर्वी अशा वस्तूंची आयातच परवान्याखाली होती आणि 'फॉरेनचा माल' आखातातून येणाऱ्या नातेवाइकाच्या पेटीतूनच दिसे. उरलेल्या वस्तूंवरील संख्यात्मक निर्बंध १ एप्रिल २००१ रोजी उठले. भारतात दुर्बिणी होत नाहीत असे मात्र नव्हे. डेहराडूनचा सरकारी कारखाना सैन्यासाठी त्या बनवत आला आहे. शाळेच्या खिशाला परवडणारी दुर्बीण मात्र बहुतांशी चीनमध्ये तयार होते, मग तिच्यावर नाव कोणतेही असो. आयात वस्तूच्या वेष्टनावर मूळ देश, आयातदाराचे नाव आणि कमाल किरकोळ किंमत छापणे कायद्याने बंधनकारक आहे. पुढच्या खरेदीत पालकांनी प्रथम ती पट्टी वाचावी. जत्रेतल्या '१०० पट' लिहिलेल्या दुर्बिणीचा मोह टाळावा. आठपट मोठे दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची दुर्बीण मुलांच्या हातात स्थिर राहते.

परदेशी असलेल्या काही माजी विद्यार्थ्यांनी आणखी दुर्बिणी पाठवण्याची इच्छा कळवली आहे. त्यांना विनंती की कुरियरने पाठवू नये. शुल्क आणि भाडे मिळून स्वस्ताई उरत नाही. स्वतः येताना सामानातून आणावी. शुल्कमुक्त सामानाची मर्यादा २०१६ च्या नियमांत ५०,००० रुपये होती. निघण्यापूर्वी चालू मर्यादा पाहून घ्यावी. एका व्यक्तीची सवलत दुसऱ्याच्या सवलतीत मिळवता येत नाही. मूळ बिल जवळ ठेवावे, आणि हमी भारतात चालेल का, हे दुकानातच विचारून घ्यावे.