डोंगरवाटांचा कायदा आणि आपली पंचक्रोशी

स्वित्झर्लंडचे नाव काढले की आपल्याकडील मंडळींना बर्फ, घड्याळे आणि हिंदी चित्रपटांतील नाचगाणी एवढेच आठवते. परंतु त्या देशाचे खरे वैभव पायांखाली आहे, याविषयी आम्हां चार उज्जैनकर मित्रांचे तेथून परतल्यापासून एकमत झाले आहे. त्या एवढ्याशा देशात केवळ चालणारांसाठी राखलेल्या आणि खुणा केलेल्या पायवाटांची लांबी सुमारे ६५,००० किलोमीटर भरते. पृथ्वीला दीड प्रदक्षिणा घालूनही काही शिल्लक राहील, एवढी ही वाट आहे!

आम्ही चौघेही साठी ओलांडलेले. पैकी तिघांनी आपली पंचक्रोशी केलेली. त्यामुळे गाडीच्या काचेतून डोंगर पाहून परतावे, हे कोणालाच रुचेना. लाउटरब्रुनेनच्या दरीतून दात्यांच्या रेल्वेने वर चढले की वेंगेन नावाचे गाव लागते. उंची १,२७४ मीटर. या गावाला मोटारीचा रस्ताच नाही. १८९३ पासून ही लहानशी रेल्वे तेथे जाते. तेथून २,०६१ मीटर उंचीवरील क्लायने शायडेक या खिंडीपर्यंत आम्ही पायी गेलो. देवदारासारख्या झाडांतून निघालेली वाट हळूहळू कुरणांत येते आणि मग समोर आयगर, म्योंख आणि युंगफ्राऊ ही तीन शिखरे उभी राहतात. मधून मधून गाईंच्या गळ्यांतल्या घंटा ऐकू येतात. वाट एखाद्या शेतकऱ्याच्या कुरणातूनच जाते. फाटक उघडून आत शिरायचे आणि मागे ते आठवणीने लावायचे, एवढीच अट. "कोठे चाललात?" म्हणून दरडावणारे कोणी नाही.

मौज वाटली ती तेथील पाट्यांची. प्रत्येक फाट्यावर पिवळी पाटी असते आणि तिच्यावर अंतर नव्हे तर वेळ लिहिलेला असतो. सपाटीवर ताशी ४.२ किलोमीटर चालणारा माणूस धरून आणि चढउताराचा हिशेब करून हा वेळ काढतात. विसाव्याची मिनिटे त्यात मोजलेली नसतात. पाटीच्या टोकाला पांढरा-तांबडा-पांढरा पट्टा असला तर पुढची वाट खडतर डोंगरी आहे, असे समजावे. आमच्यातील एका स्नेह्यांचे गुडघे कुरकुरत होते. पंचक्रोशीतला आमचा नियम असा की जो सर्वांत सावकाश चालतो त्याने पुढे राहायचे, म्हणजे मागे कोणीच पडत नाही. तोच आम्ही तेथे चालविला आणि पाटीवरील वेळेच्या जवळजवळ दुप्पट वेळ घेऊन खिंड गाठली. "घड्याळ त्यांचे असेल, पाय आपले आहेत," असे ते गुडघेवाले स्नेही वर पोहोचल्यावर म्हणाले आणि त्यांनीच घरून आणलेल्या गूळपोळ्यांचा डबा सोडला.

या वाटा काही आपोआप टिकलेल्या नाहीत. मोटारी वाढल्या आणि खिंडींतील जुन्या रस्त्यांवरून पायी जाणे नकोसे होऊ लागले, तेव्हा याकोब एस नावाच्या शिक्षकाने इतरांच्या साहाय्याने १९३४ साली वाटांना सर्वत्र एकसारख्या खुणा करण्याचे काम सुरू केले. पुढे १९७९ साली सार्वमत होऊन पायवाटांचे कलम थेट देशाच्या राज्यघटनेत गेले, आणि १९८५ साली तपशीलवार कायदा झाला. त्यातले एक कलम मला फार मोलाचे वाटते. वाट मोडली गेली, तिच्यावर मोटारींची मोठी वर्दळ झाली, किंवा लांबच लांब पट्ट्यावर पायी चालणाराला न मानवणारा थर अंथरला गेला, तर त्या बदल्यात दुसरी योग्य वाट करून दिली पाहिजे. रस्ता अवश्य करा. पण चालणाराची वाट बुडवून नव्हे, असा याचा सरळ अर्थ.

हे वाचताना मनात आपली पंचक्रोशी न येती तरच नवल. उत्तरेच्या पंचांगाप्रमाणे वैशाख वद्य दशमी, म्हणजे आपल्या पंचांगाची चैत्र वद्य दशमी. त्या दिवशी पटनी बाजारातील नागचंद्रेश्वराला नारळ वाहून यात्री बळ मागून घेतात आणि अमावास्येपर्यंत ११८ किलोमीटर चालतात. पूर्वेस पिंगळेश्वर, दक्षिणेस कायावरोहणेश्वर, पश्चिमेस बिल्वकेश्वर आणि उत्तरेस दर्दुरेश्वर, असे चार द्वारपाल महादेव या वाटेवर आहेत. डोक्यावर शिधा, मुक्कामावर गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेल्या बाट्या, आणि वर माळव्याचे ऐन उन्हाळ्यातले ऊन. आल्प्समध्ये पेलाभर सूपही पैसे मोजून घ्यावे लागते. येथे गावोगावी अनोळखी यात्रिकाला पाणी, ताक आणि सावली हात जोडून दिली जाते. या बाबतीत त्यांनी आपल्याकडून शिकावे.

परंतु वाटेच्या बाबतीत आपण त्यांच्याकडून शिकावयास हवे. पंचक्रोशीचा बराचसा भाग आज डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्याने जातो. दुपारी तापलेल्या डांबरावर अनवाणी चालणाऱ्या म्हाताऱ्या बायांच्या बाजूने मोटारी धावत असतात. यात्रा आहे तोवर पाच दिवस सोयी होतात. वर्षाचे उरलेले दिवस त्या वाटेला वाली नसतो.

२०२८ साली उज्जैनचा सिंहस्थ आहे. त्याच्या निमित्ताने रस्ते रुंद होतील, पूल होतील, आणि ते हवेतही. त्याच वेळी रस्त्याच्या कडेने, झाडांच्या सावलीतून जाणारी सहा हातांची कच्ची वाट राखून ठेवावी, तिच्यावर ठिकठिकाणी दिशा, वेळ आणि पुढचे पाणी दाखविणाऱ्या पाट्या लावाव्यात, आणि ती मोडणाराने बदली वाट द्यावी असा नियम करावा. यात अवघड असे काय आहे? पंचक्रोशीचा यात्री परतल्यावर नागचंद्रेश्वराला मातीचे घोडे वाहतो आणि घेतलेले बळ फेडतो. या वाटेनेही पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला बळ दिलेले आहे. तिचे देणे अद्याप आपल्याकडे बाकी आहे.