माहितीपट महोत्सव आणि दिल्लीची परवानगी

केरळ राज्य चलचित्र अकादमी 2008 पासून तिरुवनंतपुरममध्ये माहितीपट आणि लघुपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरवते. कोरोनाचा खंड सोडला, तर दरवर्षी. असे महोत्सव म्हणजे चार रसिकांची हौस, असा समज आहे. पण आपल्याकडे माहितीपटाला दुसरी जागाच फारशी उरलेली नाही. एके काळी फिल्म्स डिव्हिजनचे लघुपट मुख्य सिनेमाआधी सक्तीने दाखवले जात. ते सरकारी प्रचाराचे असत आणि प्रेक्षक बाहेर रेंगाळत, हे खरे. तरी पडदा मिळत होता. पुढे ती प्रथा लोपली. दूरदर्शनचे म्हणाल, तर आनंद पटवर्धन यांचा ‘पितृ, पुत्र और धर्मयुद्ध’ हा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त माहितीपट दाखवायला त्या वाहिनीला 2006 साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. म्हणून महोत्सवात कोणता चित्रपट लागतो आणि ते कोण ठरवतो, हा प्रश्न हौसेपुरता राहत नाही.

निवड महोत्सवाची समिती करते, पण शेवटचा शब्द तिचा नसतो. 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार सेन्सॉरच्या प्रमाणपत्राशिवाय सार्वजनिक खेळ करता येत नाही. महोत्सवांना यातून सूट मिळते खरी, पण ती देणार केंद्राचे माहिती व प्रसारण मंत्रालय. बहुतेक वेळा ती मुकाट्याने मिळतेही; अडते ते ठरावीक विषयांवर. 2017 मध्ये केरळच्या महोत्सवातले तीन चित्रपट अडले. एक रोहित वेमुलाच्या मृत्यूनंतरच्या आंदोलनावरचा, एक काश्मीरमधला, एक जेएनयूबद्दलचा. 2019 मध्ये पटवर्धनांच्याच ‘विवेक’ची पाळी आली. पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि कोल्हापुरात गोविंद पानसरे यांचे खून ज्या वातावरणात झाले, त्याचा शोध घेणारा हा दीर्घ माहितीपट. आदल्याच वर्षी ॲम्स्टरडॅमच्या ‘इडफा’ या मोठ्या माहितीपट महोत्सवात तो सर्वोत्कृष्ट ठरला होता. तिरुवनंतपुरमसाठी मात्र त्याला सूट मिळाली नाही. प्रकरण केरळ उच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने परवानगी दिली आणि महोत्सव संपता संपता चित्रपट दाखवला गेला.

यावर एक आक्षेप हमखास येतो: प्रमाणपत्राविना काहीही दाखवू दिले आणि दंगल झाली तर? भीती अगदीच पोकळ नाही, पण ती इथे लागू पडत नाही. महोत्सवाचा प्रेक्षक आधी नाव नोंदवून, पास घेऊन आलेला असतो. सरकारच्या स्वतःच्या नियमांतही सूट अशाच बिगरव्यावसायिक, नोंदणीकृत प्रेक्षकांपुरती आहे. एवढी चाळणी लावल्यावर पुन्हा एकेक चित्रपट मंत्रालयाने तपासायचा, तर निवड समिती नेमायचीच कशाला? दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: पैसा सरकारचा, मग सरकारचे मत का नको? केरळपुरते उत्तर सरळ आहे. तिथे पैसा राज्याचा आणि नकार केंद्राचा. पण जिथे दोन्ही केंद्राचेच, तिथे काय होते ते मुंबईने पाहिले आहे. फिल्म्स डिव्हिजनच्या मुंबई आंतरराष्ट्रीय महोत्सवाने 2004 साली फक्त भारतीय चित्रपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातली. परदेशी चित्रपटांना ती नव्हती. माहितीपटकारांच्या विरोधामुळे अट मागे घेतली गेली, तरी गुजरात दंगलींवरचा राकेश शर्मा यांचा ‘फायनल सोल्यूशन’ निवडीतून वगळला गेला. त्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवाने त्याला पुरस्कार दिला. नाकारलेले चित्रपट घेऊन माहितीपटकारांनी मुंबईतच ‘विकल्प’ नावाचा समांतर महोत्सव भरवला. म्हणजे चित्रपट लोकांनी पाहिलेच. सरकारने आपल्या पैशांतून विकत घेतली ती बदनामी.

आता सगळे मोबाइलवर दिसते, महोत्सव हवेत कशाला, असेही कुणी म्हणेल. पण ओटीटीवर माहितीपटाच्या नावाखाली मुख्यतः गुन्हेकथा आणि तारेतारकांची चरित्रे खपतात. ‘विवेक’सारख्या चित्रपटाला हात लावायला ती दुकाने धजत नाहीत. शिवाय दिग्दर्शकाला समोर उभे करून उलटतपासणी घेण्याची सोय मोबाइलमध्ये नाही.

2023 मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली. पायरसीसाठी शिक्षा आल्या, वयोगट ठरले. महोत्सवांची सूट होती तशीच राहिली. पुढच्या दुरुस्तीत तिच्यात एक बदल व्हावा: मान्यताप्राप्त महोत्सवाला सूट एकदाच, संपूर्ण कार्यक्रमासाठी द्यावी आणि आक्षेप असलाच तर मंत्रालयाने न्यायालयात जावे. आज तो हेलपाटा महोत्सवाला आणि दिग्दर्शकाला घालावा लागतो.