कृपा आणि भाकर: पंडिता रमाबाईंचा भरवसा

ख्रिस्ती माणूस देवाच्या साहाय्याविषयी बोलतो तेव्हा त्याच्या मनात दोन गोष्टी असतात. एक तारण, म्हणजे पापातून सुटका. ती पुण्याच्या जोरावर मिळत नाही, कृपेने मिळते. दुसरी गोष्ट रोजच्या भाकरीची. पहिल्या गोष्टीवर चर्चमध्ये शतकानुशतके वाद झाले. माणसाची इच्छाशक्ती सन्मार्गावर चालायला पुरेशी आहे, असे पेलागियसचे म्हणणे होते. उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचे बिशप ऑगस्टिन यांनी ते खोडून काढले आणि 418 मध्ये कार्थेजच्या धर्मपरिषदेने ऑगस्टिन यांच्या बाजूने कौल दिला. अकराशे वर्षांनी मार्टिन लूथरने हाच प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला. पण हा वाद ग्रंथांपुरता न राहता एका आयुष्यात, आणि तेही मराठी मुलखात, कसा उतरला हे पाहायचे तर पंडिता रमाबाईंकडे वळावे लागते.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले आणि पुराणे सांगत, तीर्थे करत सारे कुटुंब देशभर फिरले. 1874 च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात घरातले द्रव्य व्रतांत आणि दानधर्मात संपले. आईवडील आणि थोरली बहीण गेली. भाऊ श्रीनिवास यांच्यासह रमाबाई 1878 मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या तेव्हा तिथल्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले. साधनेत काही कमी न ठेवताही हाती काही लागले नाही, ही त्या दुष्काळाची आठवण त्यांनी पुढे आपल्या साक्षीत नोंदवली आहे.

1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. या भगिनी लंडनजवळ फुलहॅमला ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांना आधार देत असत. ते काम पाहून रमाबाई थक्क झाल्या. अशा स्त्रियांना दूर न लोटता उभे करायचे, हे त्यांना नवे होते. यामागचे कारण विचारल्यावर त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा ऐकवण्यात आली. बुद्धीच्या शंका निळकंठशास्त्री, म्हणजेच फादर नेहेम्या गोऱ्हे यांच्या लेखनाने मिटल्या. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी लहानगी मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला.

कथा इथे संपत नाही, उलट खरी इथूनच सुरू होते. पुढची आठ वर्षे रमाबाई ख्रिस्ती होत्या, पण मनाला स्वस्थता नव्हती. 1891 च्या सुमारास विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. हॅसलम दीक्षित पाळक होता. 1851 मध्ये कॉर्नवॉलमध्ये स्वतःचेच प्रवचन देत असताना त्याचे हृदयपरिवर्तन झाले. रमाबाईंना त्याच्यात आपले प्रतिबिंब दिसले. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, ख्रिस्त स्वीकारलाच नाही, असे त्यांच्या ध्यानात आले. लहानपणी तीर्थयात्रा होत्या, आता उपासना आणि विधी होते. भार दोन्ही वेळा स्वतःच्याच खांद्यावर होता. तो खाली ठेवणे हा त्यांच्या आयुष्यातला निर्णायक क्षण, बाप्तिस्म्याहूनही मोठा.

लगेचच कसोटी लागली. रमाबाईंनी विधवा आणि मुलींसाठी 1889 मध्ये मुंबईत सुरू केलेले शारदा सदन पुढच्याच वर्षी पुण्यात आले होते. तिथल्या मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या म्हणून गदारोळ उठला. 1893 मध्ये समाजसुधारक रानडे, भांडारकर यांच्यासह सदनाचे सल्लागार मंडळ बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनच्या मदतीची मुदत दहा वर्षांची होती, ती 1898 मध्ये संपणार होती. या दिवसांत रमाबाईंनी जॉर्ज म्यूलर, हडसन टेलर आणि जॉन पेटन या धर्मोपदेशकांची चरित्रे वाचली. ब्रिस्टलच्या म्यूलरने माणसांपाशी हात न पसरता, केवळ प्रार्थनेवर भिस्त ठेवून दहा हजारांवर अनाथ मुले सांभाळली होती. हिंदुस्थानात असा भरवसा शक्य आहे का, हा प्रश्न रमाबाईंनी स्वतःला विचारला.

त्यांचे उत्तर दुहेरी होते. केडगावला जमीन घेऊन त्यांनी फळझाडे लावली, म्हणजे देणग्या आटल्या तरी सदन चालावे. आणि त्याच काळात लोणावळ्याच्या प्रार्थना-शिबिरात ख्रिस्ताकडे वळलेल्या पंधरा मुली सोबत होत्या तेव्हा त्यांनी देवाकडे या संख्येचा वर्ग मागितला: पुढच्या शिबिरापर्यंत 225. तेवढ्या मुलींना ना जागा होती, ना पैसा. मग 1896-97 चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून त्यांनी तीनशेच्या आसपास मुली आणि विधवा आणल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे या मुलींना पुण्यात ठेवता येईना, म्हणून केडगावच्या बागेत तंबू उभे राहिले. ‘मुक्ती’ या केडगावच्या सदनाची सुरुवात अशी झाली. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या जवळ गेली.

भरवसा म्हणजे हात बांधून बसणे, असा समज करून घेणाऱ्याने मुक्तीचा दिनक्रम पाहावा. विहिरी खोदल्या गेल्या. शेती, गोठा, विणकाम, तेलघाणी, छापखाना हे सारे त्याच स्त्रियांनी चालवले. अंध स्त्रियांना मनोरमाबाई ब्रेल शिकवत. फुलहॅमला पाहिलेले काम इथे उभे राहिले, त्याचे नाव कृपा सदन. हे नाव सहज सुचलेले नाही. जिच्यापाशी स्वतःचे म्हणून दाखवायला पुण्य नव्हते, तिलाच त्या घरात पहिला प्रवेश होता.

जानेवारी 1905 मध्ये रमाबाईंनी रोजच्या प्रार्थनेसाठी सुमारे सत्तर जणींचा गट जमवला. जूनपर्यंत तो साडेपाचशेवर गेला. महिनाअखेरीस मुक्तीत मोठी आत्मिक जागृती झाली. रडून पापांची कबुली देणाऱ्या, मोठ्याने प्रार्थना करणाऱ्या मुलींची वर्णने मिनी अब्राम्स या अमेरिकन मिशनरी बाईंनी लिहून ठेवली. पेन्टेकॉस्टल चळवळीचे इतिहासकार आजही मुक्तीचा उल्लेख करतात.

रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालवली. भाषा साधी हवी, खेड्यातल्या बाईला कळावी, हा त्यांचा आग्रह होता. 1921 मध्ये मनोरमाबाई गेल्या, तरी काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंचे निधन झाले. केडगावच्या छापखान्यात मुक्तीतल्याच स्त्रियांनी खिळे जुळवून छापलेले ते बायबल 1924 मध्ये पूर्ण स्वरूपात बाहेर आले.