विश्वातील श्रेणीरचना

विश्वातील श्रेणीरचना : ग्रह, सूर्यकुल, दीर्घिका, दीर्घिकांचे गुच्छ व महासमूह आणि समग्र विश्व यांमधील अंतर्भावाचा क्रम. या क्रमातील प्रत्येक घटक त्याच्या पुढील घटकात सामावलेला असतो. पृथ्वी हा सूर्यकुलातील एक ग्रह, सूर्य हा आकाशगंगेतील एक तारा व आकाशगंगा ही असंख्य दीर्घिकांपैकी एक होय. ‘आकाशगंगा’ ही संज्ञा रात्री दिसणारा दुधी पट्टा व आपली दीर्घिका अशा दोन्ही अर्थांनी रूढ आहे. अन्य तारासंघांना ‘दीर्घिका’ म्हणणे इष्ट ठरते.

सूर्यकुल : सूर्यकुलातील एकूण द्रव्यमानापैकी ९९.८ टक्क्यांहून अधिक द्रव्य एकट्या सूर्यात आहे. उरलेल्या अल्प अंशात ८ ग्रह, त्यांचे उपग्रह, बटुग्रह, लघुग्रह, धूमकेतू इत्यादींचा समावेश होतो. प्लूटोची गणना २००६ पासून बटुग्रहांत केली जाते. पृथ्वी सूर्यापासून सरासरी सु. १४.९६ कोटी किमी. दूर असून या अंतरास ज्योतिषशास्त्रीय एकक म्हणतात. हे अंतर कापण्यास प्रकाशाला सु. ८ मिनिटे २० सेकंद लागतात. ग्रहमाला ही केवळ सूर्याचीच मिरास नाही. महाश्व तारकासमूहातील ५१ पेगॅसी या सूर्यसदृश ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह मिशेल मेयर व दिद्ये केलो यांनी १९९५ मध्ये शोधला. त्यानंतर असे पाच हजारांहून अधिक ग्रह निश्चित झाले आहेत.

अंतरांचे प्रमाण : सूर्यकुल व तारे यांमधील अंतरांची तफावत प्रतिकृतीवरून स्पष्ट होते. पृथ्वी व सूर्य यांमधील अंतर १ मी. मानून धाराशिव जिल्ह्यातील (तुळजापूर तालुका) तामलवाडी येथे सूर्य ठेवला, तर तो सु. ९ मिमी. व्यासाचा, म्हणजे साधारण वाटाण्याएवढा होईल. पृथ्वीचा व्यास १ मिमी.च्या दहाव्या भागाहूनही कमी भरेल. गुरू सु. ५ मी., तर नेपच्यून सु. ३० मी. अंतरावर येईल. म्हणजे सर्व ग्रह गावातील एखाद्या शाळेच्या पटांगणात मावतील. मात्र सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा (४.२ प्रकाशवर्षे) सु. २७० किमी. दूर, म्हणजे तामलवाडीहून सोलापूरमार्गे पुण्याला जाणाऱ्या रस्त्याच्या लांबीइतक्या अंतरावर ठेवावा लागेल. याच प्रमाणात आकाशगंगेचा व्यास सु. ६३ लक्ष किमी. होईल. पृथ्वी व चंद्र यांमधील प्रत्यक्ष अंतराच्या तो सु. १६ पट आहे.

आकाशगंगा व अदृश्य द्रव्य : आकाशगंगेत किमान १०० अब्ज तारे असून तिच्या तबकडीचा व्यास सु. एक लक्ष प्रकाशवर्षे आहे. केंद्राशी सूर्याच्या सु. ४० लक्ष पट द्रव्यमानाचे कृष्णविवर आहे. सूर्य केंद्रापासून सु. २६,००० प्रकाशवर्षांवर असून सेकंदाला सु. २३० किमी. वेगाने त्याभोवती फिरतो. एका प्रदक्षिणेस त्याला वीस कोटींहून अधिक वर्षे लागतात.

ग्रहांना सूर्याभोवती व ताऱ्यांना दीर्घिकेच्या केंद्राभोवती फिरविणारी प्रेरणा गुरुत्वाकर्षणाचीच आहे. तथापि या दोन पायऱ्यांवर आढळणाऱ्या गतींत महत्त्वाचा फरक आहे. सूर्यकुलात अंतर वाढेल तसा ग्रहाचा वेग घटतो : बुध सेकंदाला सु. ४७ किमी., पृथ्वी सु. ३० किमी., तर नेपच्यून सु. ५ किमी. वेगाने फिरतो. दीर्घिकांच्या बाह्य भागांतील वेग मात्र असा घटत नाही, हे व्हेरा रूबिन व इतरांच्या १९७० नंतरच्या निरीक्षणांवरून दिसून आले. दृश्य ताऱ्यांपलीकडे पसरलेले, प्रकाश न देणारे द्रव्य दीर्घिकांत असावे, असा याचा अर्थ बहुतेक शास्त्रज्ञ लावतात. या द्रव्याचे स्वरूप अद्याप उलगडलेले नाही.

गुच्छ व महासमूह : देवयानी अभ्रिका म्हणून ओळखली जाणारी ज्योती आकाशगंगेचाच भाग आहे की स्वतंत्र आहे, हा विसाव्या शतकाच्या आरंभी वादाचा विषय होता. हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्ये मांडलेल्या सेफीड ताऱ्यांच्या आवर्तकाल व दीप्ती यांमधील संबंधाचा उपयोग करून एडविन हबल यांनी तिचे अंतर काढले आणि ती स्वतंत्र दीर्घिका ठरली. आधुनिक मापनानुसार ती सु. २५ लक्ष प्रकाशवर्षे दूर आहे. आकाशगंगा, देवयानी व अनेक लहान दीर्घिका मिळून ‘स्थानिक गट’ होतो. कन्या तारकासमूहातील गुच्छ यापेक्षा पुष्कळच मोठा आहे.

गुच्छांच्या विस्तीर्ण जाळ्यास महासमूह म्हणतात. मीन तारकासमूहाच्या दिशेने सु. ४०० कोटी प्रकाशवर्षे दूर असलेला असा एक महासमूह पुण्याच्या आयुका (आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्र) व अन्य भारतीय संस्थांतील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये जाहीर केला आणि त्यास ‘सरस्वती’ हे नाव दिले. त्याचा विस्तार सु. ६० कोटी प्रकाशवर्षे आहे.

विश्व व त्याचे प्रसरण : दूरच्या दीर्घिकांच्या वर्णपटातील रेषा तांबड्या बाजूकडे सरकलेल्या असून त्यांचा दूर जाण्याचा वेग अंतराच्या प्रमाणात वाढतो, असे हबल यांनी १९२९ मध्ये दाखविले. याचा अर्थ श्रेणीतील प्रत्येक वस्तू फुगत आहे, असा नव्हे. ग्रह, सूर्यकुल, दीर्घिका व गुच्छ हे गुरुत्वाकर्षणादी प्रेरणांनी बद्ध असल्याने प्रसरणात भाग घेत नाहीत. देवयानी तर आकाशगंगेकडे येत आहे. प्रसरण वाढते ते गुच्छागुच्छांमधील अंतरांत. म्हणून श्रेणीच्या खालच्या पायऱ्यांवर बंधन प्रभावी ठरते, तर सर्वांत वरच्या पायरीवर प्रसरण.

प्रसरणाचा अर्थ लावण्यात मतभेद झाले. हॉईल, बाँडी व गोल्ड यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या स्थिर स्थिती सिद्धांतानुसार विश्वास आरंभ नाही. कोल्हापूर येथे जन्मलेले व आयुकाचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी हॉईल यांच्यासमवेत या विचाराचा पाठपुरावा केला. जेफ्री बर्बिज यांच्यासह या दोघांनी १९९३ मध्ये त्याचे सुधारित रूपही मांडले. तथापि १९६५ मध्ये आढळलेल्या, सु. २.७ के. तापमानाच्या सूक्ष्मतरंग प्रारणाचे स्पष्टीकरण महास्फोट सिद्धांताने अधिक सुलभतेने होत असल्याने तोच सामान्यतः स्वीकारला जातो. त्यानुसार विश्वाचे वय सु. १,३८० कोटी वर्षे येते. ज्ञात द्रव्य विश्वाच्या एकूण द्रव्य-ऊर्जेच्या सु. ५ टक्केच असून प्रसरणाच्या दराबाबत भिन्न पद्धतींनी मिळणारी मूल्ये अजून परस्परांशी जुळत नाहीत.