साल्बुर्ग : पुन्हा उभारलेला रोमन किल्ला किती खरा?

जर्मनीत फ्रँकफर्टच्या उत्तरेला, टाउनुस डोंगररांगेत बाड होम्बुर्ग शहराजवळ साल्बुर्ग हा रोमन किल्ला आहे. दगडी तट, दुहेरी कमानीचा दरवाजा, आत मुख्य इमारत आणि धान्यकोठार. सारे सुस्थितीत दिसते, कारण यातला बराच भाग जेमतेम सव्वाशे वर्षांपूर्वी बांधलेला आहे.

किल्ला इथेच का?

रोमन साम्राज्याची इथली सीमा 'लिमेस' नावाने ओळखली जाते. ऱ्हाईन ते डॅन्यूब नद्यांदरम्यान सुमारे ५५० किलोमीटर पसरलेल्या या सीमेवर कुंपण, खंदक, टेहळणीचे बुरूज आणि किल्ले होते. साल्बुर्गचे काम डोंगरातल्या खिंडीवर नजर ठेवण्याचे. येणारे-जाणारे व्यापारी आणि प्रवासी यांच्यावर नियंत्रण राहावे, हाही हेतू होता.

आधी इथे लाकूड-मातीची लहान छावणी होती. इ. स. १३५ च्या सुमारास सुमारे ५०० सैनिकांच्या तुकडीसाठी मोठा किल्ला झाला. ही तुकडी मूळची आल्प्सकडच्या रेशिया प्रांतातल्या लोकांची. तटाबाहेर वस्ती वाढली. स्नानगृह, दुकाने, घरे आली. इ. स. २६० च्या सुमारास रोमनांनी सीमा मागे घेतली, तेव्हा किल्ला ओस पडला. पुढे शतकानुशतके लोक इथले दगड बांधकामासाठी नेत राहिले.

पुन्हा कोणी बांधला?

एकोणिसाव्या शतकात इथे उत्खनन झाले. त्यात मोठा वाटा वास्तुविशारद लुई याकोबी यांचा. जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म याच्या पाठिंब्याने १८९७ ते १९०७ दरम्यान किल्ला पुन्हा उभा राहिला. त्याचा हेतू निव्वळ संशोधनाचा नव्हता. मुख्य दरवाजासमोर रोमन सम्राट अँटोनायनस पायस याचा पुतळा आहे आणि त्यावरच्या लॅटिन लेखात विल्हेल्मने स्वतःला 'जर्मनांचा सम्राट' म्हणवले आहे. जुन्या साम्राज्याच्या शेजारी नवे साम्राज्य उभे करण्याचाच हा प्रकार.

चुका कुठे आहेत?

तटावरचे चर्ये फार जवळजवळ बसवले आहेत. मूळचे बरेच रुंद अंतरावर होते. तट आज उघड्या दगडाचा दिसतो. रोमन काळात त्यावर पांढरा गिलावा होता आणि त्यावर लाल रेघांनी दगडांचे सांधे रंगवलेले होते. करड्या, रांगड्या दिसणाऱ्या या तटावर मध्ययुगीन किल्ल्यांच्या कल्पनेची छाप आहे.

मग पाहायचे कशासाठी?

जोत्यांच्या रांगा पाहून सामान्य माणसाला इमारतीची उंची किंवा दालनांची भव्यता कळत नाही. उभ्या भिंतींमध्ये ती जाणवते. शिवाय संग्रहालयातल्या वस्तू अस्सल आहेत. किल्ल्यात आणि वस्तीत जवळपास १०० विहिरी सापडल्या. त्यांच्या ओल्या गाळात हवा पोहोचली नाही, म्हणून चामड्याची पादत्राणे आणि लाकडी वस्तू टिकल्या.

दरवाजाबाहेर वस्तीची जोती आहेत तशीच दिसतात, आणि किल्ल्याच्या उत्तरेला थोडे चालले की लिमेसचा खंदकही पाहता येतो. २००५ मध्ये युनेस्कोने या सीमेला जागतिक वारसा मानले.

म्हणून साल्बुर्ग पाहताना दोन काळ वेगळे ओळखावे लागतात. जमिनीखालून निघालेले रोमनांचे आहे. जमिनीवर उभे आहे त्यातले बरेचसे विल्हेल्मच्या काळातल्या लोकांना रोमन कसे दिसले, हे सांगते.