मोजपट्टी कोणाच्या हाती?

दोन समाजांच्या शिक्षणाची तुलना करायची, तर आधी मोजपट्टी लागते. तौलनिक शिक्षणशास्त्राचा आरंभ सहसा मार्क-आंत्वान ज्युलियें या फ्रेंच विचारवंताने १८१७ साली मांडलेल्या आराखड्यापासून मानतात. युरोपातील शाळांची माहिती एकाच प्रश्नावलीने गोळा करावी, ही त्याची कल्पना. पुढे प्रश्नावल्या जगभर गेल्या. प्रश्न मात्र बहुतेक तिकडचेच राहिले.

यावर जपानी विचारवंत ताकेउची योशिमी यांनी १९६० साली ‘आशिया ही पद्धत’ अशी मांडणी केली. तैवानचे चेन कुआन-शिंग यांनी २०१० मध्ये ती पुढे नेली. त्यांचा आग्रह असा, की आशियाई समाजांनी दरवेळी पश्चिमेशी तुलना न करता एकमेकांना संदर्भबिंदू मानावे. मी मूलला राहतो. मला हा बिंदू फार लांब शोधावा लागत नाही.

मूलहून सावलीमार्गे वैनगंगा ओलांडली की गडचिरोली, आणि त्यापुढे धानोरा तालुक्यातले मेंढा-लेखा हे गोंडांचे गाव. २००६ च्या कायद्याखाली २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी हे एक. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे त्याची सर्वसहमती सर्वांना ठाऊक झाली. त्यामागचा अभ्यासगट मात्र कमी लोकांना ठाऊक आहे. अभ्यासगटात विषय समजून घ्यायचा, बाहेरच्या जाणकारालाही बोलवायचे. निर्णय तेथे घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेचा.

आता येथून स्वीडनकडे पाहू. १९०२ साली लुंड येथे ऑस्कर ओल्सन यांनी दारूविरोधी चळवळीत अभ्यासमंडळ सुरू केले. सामान्य माणसे शिक्षकाविना एकत्र बसून पुस्तके वाचू लागली. तेथे सुरुवात पुस्तकापासून, मेंढ्यात गावापुढे पडलेल्या प्रश्नापासून. म्हणून मेंढा स्वीडनला विचारू शकते : वाचलेत, मग मिळून ठरवलेत काय? आणि स्वीडन मेंढ्याला विचारू शकते : तुमची चर्चा पुढच्या पिढीला वाचायला कोठे मिळेल? दोघांनी एकमेकांना प्रश्न विचारले, तर ती तुलना. एकाने विचारायचे आणि दुसऱ्याने उत्तरपत्रिका लिहायची, ती परीक्षा.

हा वाद केवळ पुस्तकी नाही. धानोरा तालुक्यातल्याच मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली आणि तिच्या नावात ‘गोटुल’ हा शब्द घातला. मान्यता नाही म्हणून शिक्षण विभागाने तिला नोटीस दिली. ज्या शिक्षणहक्क कायद्याने मान्यता सक्तीची केली, त्याच्याच कलम २९ मध्ये शक्यतोवर मातृभाषेतून शिकवावे असेही आहे. २०११ च्या जनगणनेत सुमारे ३० लाख लोकांनी गोंडी ही मातृभाषा सांगितली. आठव्या अनुसूचीत तिला अजून जागा नाही.

मान्यतेच्या तपासणीत इमारत मोजतात, खोल्या मोजतात. मोजायलाही हव्यात. पण मूल घरी बोलते त्या भाषेत शाळा त्याच्याशी बोलते का, हा रकाना त्या तक्त्यात कोण घालणार? मोहगावने तो घातला आहे.